पत्र कोणाच्या नावाने गेले?

शाळेच्या कार्यालयातून पत्र बाहेर पडते तेव्हा चार गोष्टी ठरलेल्या असतात. वर शाळेचे छापील नाव असते, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का असतो. जावक नोंदवहीत पत्राला क्रमांक मिळतो आणि फाइलीत त्याची स्थळप्रत राहते. आता त्याच टेबलाच्या खणात आणखी दोन संस्थांची छापील पत्रे पडलेली आहेत अशी कल्पना करा. घाईच्या दिवशी हात चुकीच्या गठ्ठ्यावर जाऊ शकतो. तरीही शिक्का मारताना कोणीतरी 'सर, हे कागद आपले नाहीत' म्हणतेच, कारण शिक्का शाळेचा आणि कागद दुसऱ्याचा हा विसंवाद डोळ्यांना दिसतो.

बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत आम्ही संगणकावर टपालाची जी व्यवस्था लावून दिली, तिच्यात हा विसंवाद दिसण्याची सोयच राहिली नव्हती. चूक आमची होती. पण ती ज्या कार्यक्रमात घडली, त्याच्या रचनेविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. कार्यक्रम चांगला आहे, आम्ही स्वतः रोज तोच वापरतो, आणि म्हणूनच त्याच्यावर टीका करण्याचा थोडा हक्क आम्हाला आहे असे समजतो.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे तीन पत्ते होते: एक शाळेचा, एक स्वतःचा आणि एक विज्ञान मंडळाचा. मंडळाची पेटी आठवी ते दहावीची मुले मिळून पाहत. प्रदर्शनाची पत्रे, ग्रहणाच्या वेळच्या निरीक्षणांची देवाणघेवाण असे तिचे स्वरूप. संगणक जुना, स्मृती एक गिगाबाइट. ब्राउझरमध्ये टपालाचे पान उघडायचे तर सर चहा घेऊन येत, तरी पान अर्धेच उघडलेले असे. त्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा आम्ही त्यावर लिनक्स बसवले आणि टपालासाठी 'मट' नावाचा अक्षरी कार्यक्रम दिला. काळा पडदा, त्यावर अक्षरे, माउसची गरज नाही.

अशा कार्यक्रमांची परंपरा आपल्याकडे नवी नाही. भारतात ई-टपालाचे पहिले धडे गिरवले गेले ते अक्षरी पडद्यावरच. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही संस्था सहभागी होत्या. एस. रमणी हे त्या केंद्राचे प्रमुख. संगणकाने साध्या टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाला फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा, असा तो प्रारंभीचा प्रकार होता. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा त्यात 'शेल' नावाचे केवळ अक्षरी खातेही मिळे. ज्यांनी ते वापरले त्यांना 'पाइन' आठवत असेल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये त्याची सुरुवात झाली, आणि तो मुद्दाम नवशिक्यांसाठी केला होता: पडद्याच्या तळाशी दोन ओळींत कोणती कळ काय करते ते लिहिलेले असे. २००७ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याचा 'अल्पाइन' हा नवा अवतार काढला आणि तो आजही मिळतो. 'मट' मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहिला. टपालाचे सगळेच कार्यक्रम टाकाऊ असतात, हा जरा कमी टाकाऊ, असे तो स्वतःच स्वतःविषयी सांगतो. ही नम्रता आहे की गर्व, हे आम्हाला तीस वर्षांत ठरवता आलेले नाही.

मटचा आम्हाला मोह पडला तो त्याच्या काटकसरीमुळे. पेटीत पाचशे पत्रे असली तरी तो आधी फक्त त्यांचे मथळे मागवतो: कोणाकडून, केव्हा, विषय काय. मजकूर तुम्ही पत्र उघडाल तेव्हाच येतो. मथळेही एकदा आणले की संगणकावर साठवून ठेवता येतात, दुसऱ्या दिवशी फक्त नवे येतात. मंद रेषेवर याचे मोल फार. एक जोडकार्यक्रम घेऊन सगळी पत्रे 'मेलडीर' पद्धतीने स्थानिक डिस्कवर उतरवली, तर रेषा नसतानाही वाचता येतात. या पद्धतीत प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर फार तर एक पत्र बिघडेल, सबंध पेटी नाही. जुन्या पद्धतीत अख्खी पेटी एकाच लांबलचक फाइलीत असे आणि एका झटक्यात घोटाळा होई.

आता मुद्द्याकडे येऊ. मटमध्ये 'खाते' नावाची वस्तूच नाही. बहुतेक शिक्षक ज्या कार्यक्रमांना सरावले आहेत त्यांत 'नवे खाते जोडा' असे एक बटण असते. पत्ता, परवलीचा शब्द भरा, झाले. मटमध्ये आहेत त्या चलराशी, शेकडो. त्यांतली एक 'फ्रॉम', म्हणजे पत्राच्या माथ्यावरचे नाव. दुसरी 'रेकॉर्ड', म्हणजे स्थळप्रत कोठे ठेवायची. तिसरी 'एसएमटीपी यूआरएल', म्हणजे पत्र कोणत्या टपाल कार्यालयात टाकायचे. चौथी सहीची फाइल. कार्यालयातल्या त्याच चार गोष्टी, पण एकमेकींशी न बांधलेल्या. एका वेळी प्रत्येक चलराशीला एकच किंमत, साऱ्या कार्यक्रमासाठी मिळून.

मग तीन खाती कशी चालवायची? मटचे उत्तर 'हुक'. हुक म्हणजे एक सूचना: अमुक कप्पा उघडला की तमुक आज्ञा पाळ. मंडळाचा कप्पा उघडला की फ्रॉममध्ये मंडळाचा पत्ता भर, स्थळप्रत मंडळाच्या कप्प्यात ठेव, पत्र मंडळाच्या टपाल कार्यालयातून पाठव. हे फोल्डर-हुक. कप्पा उघडायला कोणते वापरनाव लागते ते सांगणारे अकाउंट-हुक वेगळे, आणि पत्र कोणाला लिहिता आहात त्यावर चालणारे सेंड-हुक त्याहून वेगळे. कल्पना म्हणून हे सुंदर आहे. चार साध्या नियमांतून हवी ती व्यवस्था उभी करता येते, आणि प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला असे काही दिसले की त्याचे हात शिवशिवतात.

आम्ही काय केले? फाइलीच्या अगदी वर शाळेचा पत्ता लिहिला, कारण तो मुख्य. खाली दोन हुक लिहिले, एक सरांच्या कप्प्यासाठी आणि एक मंडळासाठी. शाळेच्या कप्प्यासाठी हुक लिहिले नाही. वर लिहिलेच आहे, पुन्हा कशाला, असा आमचा विचार. मग चाचणी घेतली. मट सुरू केला, शाळेच्या नावाने पत्र गेले. सरांचा कप्पा उघडला, त्यांच्या नावाने गेले. मंडळाचा उघडला, मंडळाच्या नावाने गेले. सरांनी समाधानाने मान हलवली आणि आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत निघालो.

दिवाळीनंतरची गोष्ट. या भागात तेव्हा गावे अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतात. मुलांनी मागे राहून शाळा पुरी करावी म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. आठवीतल्या एका मुलीला घरचे बरोबर नेणार होते. घरची अडचण काय, मुलीला कोणाकडे ठेवणे धोक्याचे आहे, हे सगळे सरांनी शाळेच्या वतीने वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना सविस्तर लिहिले. पत्र शाळेच्या कप्प्यातूनच लिहिले. पण सकाळी त्यांनी मंडळाचा कप्पा उघडून एक पत्र वाचले होते.

वाचकांच्या लक्षात आले असेल. मंडळाचा कप्पा उघडताच हुकने फ्रॉम बदलले. शाळेच्या कप्प्यात परत आल्यावर ते पुन्हा पूर्ववत करणारे कोणी नव्हते. पत्र मंडळाच्या नावाने, मंडळाच्या टपाल कार्यालयातून गेले आणि स्थळप्रत मंडळाच्या कप्प्यात पडली. सारे एकमेकांशी सुसंगत होते, म्हणून कोठेही चूक दाखवली गेली नाही. नाव शाळेचे आणि कार्यालय मंडळाचे असा घोळ झाला असता तर बरे झाले असते, कारण अमुक पत्त्याची पत्रे कोणत्या यंत्रावरून निघू शकतात हे आजचे टपाल-संगणक तपासतात आणि असे पत्र अडण्याचा तरी संभव होता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचे उत्तर आले, सरांचे मूळ पत्र खाली जसेच्या तसे जोडून, मंडळाच्या पेटीत. ते दहावीच्या दोन मुलींनी उघडले. पहिल्या चार ओळी वाचून त्यांनी पडदा बंद केला आणि सरांकडे जाऊन त्या म्हणाल्या, "सर, हे पत्र आमच्यासाठी नाही." त्या दोघींनी पुढे कोणाजवळ काही काढले नाही. आमच्या व्यवस्थेने राखायला हवे होते ते त्या मुलींच्या समजूतदारपणाने राखले.

या चुकीला पदार्थविज्ञानात नाव आहे. लोखंडाच्या तुकड्याभोवती तार गुंडाळून विद्युतप्रवाह सोडला की तो चुंबक होतो. प्रवाह बंद केला तरी थोडे चुंबकत्व उरते. प्रवाह शून्य असताना चुंबकत्व किती, या प्रश्नाला मग एक उत्तर नसते, आधी काय घडले त्यावर ते अवलंबून असते. याला हिस्टरेसिस म्हणतात. आमच्या मटची तीच स्थिती होती. शाळेचा कप्पा उघडा असताना पत्र कोणाच्या नावाने जाईल? नुकताच सुरू केला असेल तर शाळेच्या, मंडळाकडून आला असाल तर मंडळाच्या, आणि सरांच्या कप्प्याकडून आला असाल तर सरांच्या. आम्ही वर्गात हिस्टरेसिसचा आलेख वर्षानुवर्षे काढत आलो आणि चाचणी मात्र अशी घेतली की जणू लोखंडाला आठवण नसतेच.

चाचणी कशी घ्यायला हवी होती, हा विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रश्न आहे. तीन कप्पे असतील तर प्रत्येकातून इतर दोहोंकडे जाता येते, म्हणजे संक्रमणे ३ × २ = ६. आम्ही त्यांतली दोनच तपासली. साही संक्रमणे एका फेरीत, एकही दोनदा न करता तपासता येतात का? येतात: शाळा, सर, शाळा, मंडळ, सर, मंडळ, शाळा. चार खात्यांना १२ संक्रमणे होतील. त्यांची अशीच फेरी मुलांना शोधायला द्यावी.

मटच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, पुस्तिकेत हा इशारा आहे. कप्पा सोडताना बदललेल्या किमती पूर्ववत होत नाहीत, म्हणून सर्व कप्प्यांना लागू पडणारे एक सर्वसाधारण हुक आधी लिहावे, असे ती सांगते. जुळणारी सगळी हुके लिहिलेल्या क्रमाने चालतात, त्यामुळे ते आधीच हवे. अकाउंट-हुकच्या उदाहरणात तर वापरनाव आणि परवलीचा शब्द आधी पुसून टाकणारी ओळच दिली आहे. दुसरी, पत्र पाठवण्यापूर्वी मट जो पडदा दाखवतो त्यावर पहिल्याच ओळीत प्रेषकाचे नाव असते. सरांनी ते पाहिले नाही. पण रोज बरोबर असणारी ओळ कोण वाचतो? आपण तरी आपल्या शाळेच्या कागदावरचे छापील नाव वाचतो का?

आमचे म्हणणे असे की जो धोका टाळण्यासाठी वापरणाऱ्याला दरवेळी आठवण ठेवून एक ओळ जादा लिहावी लागते, तो धोका रचनेत आहे. इशारा छापल्याने तो दूर होत नाही. विहिरीवर पाटी लावणे आणि कठडा बांधणे यात फरक असतोच. पुस्तिकेचाही दोष आहे. ती कोश म्हणून उत्तम आहे. चलराशी वर्णक्रमाने दिल्या आहेत, प्रत्येकीचा अर्थ नेमका आहे. पण पत्राचे नाव, स्थळप्रत, टपाल कार्यालय आणि सही ही चौकडी एकत्र बदलली पाहिजे ही गोष्ट वर्णक्रमात कोठे बसणार? शब्दकोश पाठ करून भाषा येत नाही.

अल्पाइनने हा कठडा बांधला आहे. त्यात 'रोल' नावाची गोष्ट आहे. नाव, स्थळप्रतीचा कप्पा, सही, टपाल कार्यालय हे सगळे एका रोलमध्ये बांधता येते. आलेले पत्र ज्या पत्त्यावर आले त्यावरून उत्तराचा रोल तो स्वतः निवडू शकतो, आणि तसे ठरवून दिले तर वापरण्यापूर्वी विचारतोही. हे विचारणे काहींना कटकटीचे वाटते. आम्हालाही वाटे, त्या दिवाळीपर्यंत. अल्पाइनची अडचण निराळी आहे. हे रोल करायला एकात एक दडलेल्या पडद्यांतून जावे लागते, आणि फाइलीत ते इतक्या लांब, गुंतागुंतीच्या ओळींनी लिहिले जातात की एका शाळेत लावलेली व्यवस्था वाचून दुसऱ्या शाळेत उतरवून घेणे कठीण. मटची फाइल मात्र कोणाही मुलाला समोर बसवून ओळ न् ओळ समजावता येते. शिकवण्याच्या दृष्टीने हे फार मोठे आहे, आणि त्यामुळेच आम्ही मट सोडला नाही.

परवलीच्या शब्दांविषयी थोडक्यात. ते फाइलीत उघडे लिहू नयेत. कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाइलीत ठेवून मटला वेळेवर वाचायला लावता येतात. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना अशा कार्यक्रमांतून नेहमीचा परवलीचा शब्द चालू देणे बंद केले. दुहेरी पडताळणी लावून त्या कार्यक्रमापुरता सोळा अक्षरांचा वेगळा शब्द घ्यावा लागतो, किंवा त्याहून खटपटीचा परवाना-पद्धतीचा मार्ग धरावा लागतो.

देवनागरीचे दुखणे मात्र दोन्ही कार्यक्रमांत सारखे आहे आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. अक्षरी पडदा म्हणजे चौकटीची वही, एका घरात एक अक्षर. रोमन लिपीला ती सोयीची. आपल्याकडे 'कि' लिहिताना संगणक आधी क आणि मग वेलांटी साठवतो, पण दाखवायचे असते वेलांटी आधी. 'क्ष' तीन संकेतांचा आहे, त्याने किती घरे व्यापायची? कार्यक्रम एक मोजतो आणि पडदा दुसरेच, मग यादीतले रकाने तिरपे होतात. काही टर्मिनले हे बऱ्यापैकी सांभाळतात, काहींत वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. प्रवासातही आपली लिपी जड पडते. 'बीड' हा शब्द ब, दीर्घ वेलांटी आणि ड असे तीन संकेत. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे ९. पत्राच्या विषयाच्या ओळीत नुसत्या रोमन चिन्हांनीच जायचे असल्याने एका पद्धतीत त्यांची २७ चिन्हे होतात आणि दुसरीत १२. वर वेष्टनाची १२ चिन्हे निराळी. सरांनी त्या दिवशी विषय रोमन लिपीतच लिहिला होता, कारण मराठी विषय यादीत धड वाचता येत नाही. त्यांच्या कप्प्यात 'मराठी'त लिहिलेली पत्रे पुष्कळ, पण विषय सगळे रोमन. ही सवय सरांना त्या पडद्याने लावली आहे.

शाळेत परत गेलो तेव्हा आम्ही दोन गोष्टी केल्या. मंडळाची पेटी सरांच्या मटमधून काढून टाकली आणि त्याच संगणकावर मुलांना वेगळे वापरनाव देऊन तिकडे ठेवली. खरे तर हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. तीन पेट्या एका खिडकीत आणण्याची हौस आमची होती, सरांनी ती मागितली नव्हती. मग उरलेल्या दोन खात्यांसाठी दोन वेगळ्या फाइली केल्या, एकीत असलेली प्रत्येक चलराशी दुसरीतही असलीच पाहिजे असा नियम करून, आणि प्रत्येक कप्प्याच्या हुकने आपापली संपूर्ण फाइल वाचावी असे लिहिले. फाइली समोरासमोर ठेवून ओळी मोजण्याचे काम त्या दोन मुलींना दिले. पत्र आलेल्या पत्त्यावरूनच उत्तर जावे अशीही एक चलराशी मटमध्ये आहे, तीही चालू केली.

सरांनी आणखी एक सुधारणा सुचवली: पडद्यावरची पट्टी शाळेच्या कप्प्यात लाल दिसावी, म्हणजे पाहताक्षणी कळेल. आम्ही शाळेच्या फाइलीत रंगाची ओळ लिहिली आणि उठू लागलो. तेवढ्यात त्यांतली एक मुलगी म्हणाली, "सर, दुसऱ्या फाइलीत रंग लिहिलाच नाही. लाल तसाच राहील की."

आम्ही पुन्हा खुर्चीवर बसलो.